गव्हाचं पाणी

पाडवा झाला की आमच्या घरात जिकडेतिकडे काहीतरी होऊ घातलेलं असतं. मोरीजवळ मोठ्या पातेल्यात कुरडयांचे गहू भिजत घातलेत. पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत तांबडी कोंबडी अकरा अंडी घेऊन बसलीय. परसात कुंपणालगत कारल्याचं बी टोचलंय. आणि माजघरात एक अर्धवट गोधडी घडी घालून ठेवलीय. भाचीला श्रावणात बाळ व्हायचंय, त्याच्यासाठी. शेजारच्या काकूंकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसलीय, ती आता अक्षय्य तृतीयेपर्यंत उठायची नाही. परवा त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आंब्याची डाळ खाऊन, पन्हं पिऊन परतलो, तर दारात चपला काढता काढता आत्या म्हणाल्या, "त्यांची झोपाळ्यात, आपली टोपलीत." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. मला साडेआठची एसटी गाठायची असते. डबा भरून झाला की निघण्याआधी जेमतेम दहा मिनिटं हाताशी राहतात, आणि तेवढ्यात या सगळ्यांकडे एक चक्कर होते. एवढ्याशा चकरेत सांगण्यासारखं काय असणार, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

चक्कर गव्हापासून सुरू होते. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रोज सकाळी वरचं पाणी ओतायचं, गहू हाताने खालवर करायचे आणि ताजं पाणी घालायचं, हे करून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बारीक फेस धरतो, नाकाला आंबूस वास लागतो. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध सुटतं. मग वाटायचं, पिळून गाळायचं, चीक रात्रभर तळाशी बसू द्यायचा, सकाळी वरची निवळ हलकेच ओतून टाकायची आणि मगच तो शिजवायला घ्यायचा. (त्या वेळी घरातली पोरं वाट्या घेऊन का घुटमळतात, हे गरम चीक तूप-साखर घालून खाल्लेल्याला सांगायला नको.) एका वर्षी घाईगडबडीत माझ्याकडून एक दिवस पाणी बदलायचं राहिलं. उन्हाचे दिवस, पातेल्याला असा वास सुटला की शेजारून विचारणा झाली. कुरडया झाल्या, पण काळपट आणि चवीला आंबट. वर्षभर त्या पाहुण्यांच्या पानात वाढताना हात आखडायचा. आत्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, भिजत घातलं म्हणजे सोडून दिलं, असं नसतं." रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो. घोंगडंही पाण्यातच आणि गहूही पाण्यातच. गव्हाकडे रोज सकाळी कुणीतरी येऊन जातं, एवढाच काय तो फरक.

कोंबडीबद्दल तर माझा फारच गैरसमज होता. खुडूक झाली म्हणजे २१ दिवस नुसती बूड टेकून बसायचं, तिला काय काम! एका रविवारी गोधडी घेऊन पडवीत बसले होते म्हणून दिसलं. ती जराशी उठली, मान पोटाखाली घातली आणि चोचीच्या खालच्या बाजूने एक अंडं स्वतःकडे ओढून घेतलं. मग दुसरं. कडेचं मध्ये आलं, मधलं कडेला गेलं. पिसं फुलवून पुन्हा सगळ्यांवर बसली आणि डोळे अर्धे मिटून घेतले. माझी टाक्यांची एक ओळ पुरी व्हायच्या आत तिने हेच पुन्हा केलं. अंडं असं फिरत राहिलं नाही तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. शिवाय कडेच्या अंड्यांनाही मधली ऊब मिळायला हवी. दिवसातून एकदा ती टोपलीबाहेर येते. चार दाणे, घोटभर पाणी, राखमातीत एक लोळण, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जाग्यावर. तिची ती घाई बघून मला माझी एसटी आठवते. सातव्या रात्री आत्यांनी मोबाइलच्या बॅटरीसमोर एकेक अंडं धरून दाखवलं. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तांबडे धागे दिसले. दोन स्वच्छ निघाली, म्हणजे फोल. ती काढून टाकली. आता १८ दिवस झालेत. शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवायचीही गरज राहत नाही. आतून पिल्लू चोच मारून टवका काढतं आणि मग कितीतरी तास दम खात पडून राहतं. तेव्हा आपले हात शिवशिवतात; वाटतं, एवढासा तर पापुद्रा आहे, काढून द्यावा. गेल्या खेपेला मी हात पुढे केला, तर आत्यांनी मनगटच धरलं. त्या पापुद्र्यातल्या शिरांत अजून रक्त वाहत असतं, तो ओढला तर पिल्लू हाती लागत नाही. आणि ते उपाशी राहील ही भीतीही फुकटची. बाहेर पडण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोनेक दिवस काही न खाता राहू शकतं.

इतकं सगळं कळूनही आमच्या धाकट्याने सहाव्या दिवशी कारल्याचं बी उकरून बघितलंच. कारल्याच्या बियाचं साल टणक. रात्रभर भिजवून लावलं तरी वर यायला आठ-दहा दिवस सहज घेतं. बी नुकतं फुटलं होतं, पांढरा मोड दोऱ्याएवढा आला होता, तो त्याच्या बोटांतच मोडला. पोर रडवेलं झालं. त्याला म्हटलं, आळ्यात रोज तांब्याभर पाणी घालायचं तेवढं तुझं काम. बघायचं काम मातीवर सोड. सांगताना वाटलं, हे मोठ्यांनाही लागू आहे. या दिवसांत पुष्कळ घरांत निकालाची वाट बघणारं एखादं मूल असतं. त्याला रोज उठून "कधी लागणार रे?" विचारणं म्हणजे बी उकरणंच झालं. संध्याकाळी त्याच्यासोबत गच्चीवर जाऊन वाळलेले पापड गोळा करावेत, ते जास्त बरं. दवाखान्यात कुणी असेल, एखादी मैत्रीण रुसून बसली असेल, अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडला असेल. तिथेही आपल्या वाटणीला रोजचं तांब्याभरच काम येतं, आणि ते असतं मात्र नक्की. आमच्या गोधडीचंच बघा. आत्यांची तीन जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरून चहूबाजूंनी धावदोरा घालत आम्ही कडेकडून आत सरकतोय. दिवसभर टाके घालतात आत्या. मला वेळ नसतो, आणि त्यांना सुईच्या नाकातून दोरा जात नाही, नजर आता पूर्वीची नाही. म्हणून चकरेच्या शेवटी मी पाच सुया ओवून गोधडीच्या कडेला ओळीने टोचून ठेवते. संध्याकाळी परत येते तेव्हा पाचही रिकाम्या असतात आणि गोधडी वीतभर पुढे गेलेली असते. तुमच्या घरी आज काय भिजत पडलंय, ते निघण्याआधी एकदा बघून या. एसटीला अजून चार मिनिटं आहेत, आणि माझी पाचवी सुई ओवायची राहिलीय.