मोरीवरची टमाटी

आमच्या मोरीचं पाणी जिथं मुरतं, तिथं दरसाल मण्याएवढ्या टमाट्यांचा वेल उगवतो. बी कुणी पेरत नाही. बुलबुल खातो आणि बी टाकतो, एवढंच. काठी नाही, तार नाही, औषध नाही. वेल आपला कुंपणावर चढतो. एकेका घोसाला दहा-बारा फळं. पिकलं की हात लावायचा अवकाश, गळून पडतं. साल पातळ, पावसात तडकते. वाटीभर तोडायला अर्धा तास जातो, म्हणून बाजाराला ती कधी गेली नाहीत. आई लसूण-मिरची घालून तव्यावर रगडायची. जाणारं-येणारं पोर मूठभर तोडायचं. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

२०२३ च्या जुलैत आमच्या जुन्नर भागात टोमॅटोचा २० किलोचा क्रेट २००० रुपयांच्या वर गेला. माझा प्लॉट तेव्हा नुसता फुलावर. दुसऱ्यांचे क्रेट मोजून मला झोप येईना. त्यात भाचा म्हणाला, "मामा, असली बारकी टमाटी पुण्यात डबीत भरून विकतात."

झालं. मी मिठाईचे रिकामे खोके काढले आणि तोडायला बसलो. खुरपणीला येणाऱ्या बाईची पोरगी नेहमीसारखी आली, वेलाला हात घातला. मी नुसतं "ए!" म्हणालो. तिनं हात मागं घेतला. तोडलेली दोन फळं होती, ती धुण्याच्या दगडावर ठेवली आणि गेली.

घरच्या मंडळींनी पाहिलं. म्हणाली, "अहो, बी पाखरांनी आणलं. तुम्ही पावती कुणाच्या नावानं फाडताय?"

खोके पुण्याला गेलेच नाहीत. सकाळपर्यंत निम्मी फळं तडकली होती.

शेताचा हिशेब वेगळा, हे मी आजही म्हणतो. रोपं, तार, बांबू, फवारणी, वर सोसायटीचं कर्ज. तिथं राखण करणं पाप नाही. जो मोजत नाही तो शेतकरी बुडतो. पण मोरीवर मी काय घातलं होतं? अंघोळीचं पाणी. पुढं एका शेतीच्या पुस्तकात वाचलं, की असल्या बारक्या टमाट्याची रानटी जात पेरू, इक्वेडोरकडची. मर रोगाला तोंड द्यायचा गुण तिच्यातून घेऊन मोठ्या टोमॅटोच्या जाती तयार केल्या. म्हणजे माझा प्लॉटही कुणाच्या तरी फुकटच्या देण्यावर उभा. आणि भाव वाढला होता तो मोठ्या टोमॅटोचा. वेल तोच, पोरगी तीच. मग माझ्या तोंडून "ए" का निघालं?

माझा माल निघाला तेव्हा भाव पडला होता. तोडणीची मजुरी सुटेना, तेव्हा मी क्रेट बांधावर ओतले आणि म्हणालो, "न्या लागतील तेवढी." बाया पिशव्या भरून घेऊन गेल्या, मला दुवा दिला. मला तो घेववेना. टाकायचं ते देणं आणि ठेवावंसं वाटतं ते देणं, यात फरक आहे. पहिल्याला मन लागत नाही.

ती पोरगीही आईबरोबर आली होती. मी म्हणालो, "मोरीवर जा, तोड." ती गेली नाही.

आता येते. तोडतेही. पण हात घालायच्या आधी एकदा माझ्या तोंडाकडं बघते. पूर्वी बघत नव्हती.