थांबण्याची जिद्द

या वेळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात कितीतरी माणसं धावत असतील. त्यांच्यात क्वचित एखादा असाही असतो, ज्याच्या छातीवर मधोमध उभा व्रण आहे. हृदयाची झडप बदलून तो पुन्हा धावायला निघाला आहे. आजचं चिंतन त्याच्याविषयी.

आपलं हृदय दिवसाकाठी सुमारे 1 लाख वेळा धडधडतं. त्यातल्या 4 झडपा रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. लहानपणचा संधिवाताचा ताप, जन्मजात दोष किंवा वाढतं वय, यांमुळे एखादी झडप आकसते, नाहीतर गळू लागते. रोजच्याच चढावर दम लागतो आणि एक दिवस शस्त्रक्रियेची तारीख ठरते.

बहुतेकदा त्यासाठी छातीचं मधलं हाड कापून, मग तारांनी जोडावं लागतं. ते नीट सांधायला 2 ते 3 महिने जातात. मन मात्र केव्हाच मैदानावर पोचलेलं असतं. धावणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. पाय नको म्हणत असताना आणखी एक किलोमीटर रेटायचा, हीच जिद्द त्याने वर्षानुवर्षं कमावलेली असते. आता पाय हो म्हणत असताना थांबायचं असतं, आणि त्यालाही तेवढीच जिद्द लागते.

आधी नुसतं चालणं. डॉक्टरांनी तपासून होकार दिला, की थोडं धावणं, पुन्हा चालणं. सोबत्याशी सलग एक वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठायचं. कृत्रिम धातूची झडप असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, ठरल्या वेळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआरची तपासणी वेळेवर. गोळीचा परिणाम बदलू नये म्हणून पालेभाजीसुद्धा रोज साधारण सारख्याच मापात. पडलं तर रक्तस्राव जास्त होतो, म्हणून वाट सपाट आणि उजेडाची हवी. हे सगळं पाळणं हाच आता त्याचा सराव.

आणि असा धीर एका कृत्रिम झडपेच्या घडणीतही आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयशल्यचिकित्सक डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीची झडप घडवली. पहिले 3 नमुने टिकले नाहीत. दरवेळी ते थांबले, कुठे बिघडलं ते शोधलं आणि पुन्हा कामाला लागले. दशकाहून अधिक काळ असा गेल्यावर, 1990 च्या डिसेंबरमध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली. घाई केली असती, तर तिच्यावर कुणाचा जीव विसंबला नसता. अशा झडपेच्या भरवशावर धावणाऱ्याने आपल्या शरीराला काही महिने द्यायला काय हरकत आहे?

तुमच्या घरात, शेजारी असं कुणी असेल, तर "पूर्वीसारखं कधी धावणार?" असं विचारू नका. तो आज जेवढं चालणार आहे, तेवढं त्याच्यासोबत, त्याच्या वेगाने चाला.