रानडुक्कर, पीक आणि हिंसा
मानवतच्या शिवारात रात्रीतून पीक उकरणारे रानडुक्कर शेतकऱ्याला वैरी वाटते. पुराणात मात्र विष्णूने पृथ्वी वर काढली ती वराहरूपानेच. 1972 चा वन्यजीव कायदा उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर परवानगीने मारू देतो. स्वयंचलित बंदूक मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला निषिद्ध.

कायद्यापलीकडे हिंसेचा प्रश्न उरतोच. मानवतच्याच जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार मानते: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडायची. बचावाची विरोधी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही. पिकाची राखण विरोधीत बसवता येईल, जरा ओढूनताणूनच. स्वयंचलित बंदुकीने कळपावर फैरी झाडताना मात्र पिकातले जनावर आणि नुसते पळणारे पिलू यांत भेद उरत नाही, म्हणून ती हिंसा संकल्पीकडे झुकते. एकनळी बंदूक निदान नेम धरायला लावते.