न जोडलेले हात

शिंतो हा धर्म आहे काय, असे जपानी माणसाला विचारले तर तो बहुधा घोटाळ्यात पडतो. या धर्माला संस्थापक नाही, बायबल-कुराणासारखा प्रमाणग्रंथ नाही. डोंगर, धबधबा, जुनाट वृक्ष, एखादा थोर मृतात्मा, ज्याच्यापुढे मन आपोआप नम्र होते तो ‘कामी’. अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागा या पंडिताने कामीची ओळख साधारण अशीच करून दिली आहे. आपल्याकडे देवराईत शिरताना वहाणा काढाव्याशा वाटतात, त्या जातीचा हा भाव.

यंत्रयुगात तो टिकला आहे. नववर्षाला लक्षावधी माणसे मंदिरांत जातात. नव्या इमारतीचे भूमिपूजन शिंतो पुजारी करतो, नवी मोटारही त्याच्याकडून शुद्ध करून घेतात. इसे येथील मंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा नवे उभारतात. इ.स. 690 मध्ये सुरू झालेली ही रीत यादवीच्या काळात शंभरावर वर्षे खंडित झाली होती. तरी 2013 साली ती 62व्यांदा पार पडली. लाकूड नवे येते, सुताराच्या हातातली विद्या जुनीच राहते. या साऱ्याबद्दल विचारले, तर पुष्कळजण म्हणतात, हा काही धर्म नव्हे, आपली रीत आहे.

हे वाक्य मला गोड वाटते, आणि त्याचीच मला धास्तीही वाटते. कारण मेजी राजवटीनेही हेच म्हटले होते. 1900 साली सरकारने मंदिरांचा कारभार इतर धर्मांपासून तोडून निराळ्या खात्याकडे दिला. मंदिरापुढे वाकणे हा धर्म नव्हे, प्रजेचे कर्तव्य आहे, असे एकदा ठरले, की ‘माझा धर्म मला हे करू देत नाही’ असे म्हणण्याची सोयच उरत नाही. जपानच्या अमलाखालच्या कोरियात शाळकरी मुलांनाही मंदिरात नेऊन वाकायला लावीत. जू की-चोल नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने नकार दिला. 1944 साली तो तुरुंगातच वारला.

डिसेंबर 1945 मध्ये दोस्तांच्या हुकुमाने सरकार आणि मंदिरे यांची फारकत झाली. प्रश्न मात्र मिटला नाही. सैन्यात असताना अपघातात वारलेल्या नवऱ्याची एका मंदिरात कामी म्हणून स्थापना झाली. त्याची ख्रिस्ती विधवा त्याविरुद्ध न्यायालयात गेली. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. दुसऱ्यांच्या धर्माचरणाबद्दल सहिष्णुता बाळगावी, असा त्याचा आशय. सहिष्णुतेचा उपदेश बहुसंख्यांना करायचा, की एकट्या बाईला?

कामीपुढे वाकण्यात मला काही गैर दिसत नाही. ज्याला कुठेच वाकावेसे वाटत नाही, त्याची मला कीव येते. पण नम्रता ही आतून उगवणारी वस्तू. ती हुकुमाने पेरता येत नाही. शिंतोचा जीव त्या झाडापाशी, त्या ओढ्यापाशी होता. सरकारने त्याला गणवेश चढवला, तेव्हा जगाला त्याचे भय वाटू लागले.

मी शाळामास्तर. रोज सकाळी प्रार्थनेला शेकडो हात जोडलेले पाहतो. त्यांत एखाद्या मुलाचे हात जोडलेले नसतील. त्या हातांना जागा असेल, तरच बाकीच्यांचा तो नमस्कार. नाहीतर ती नुसती कवायत.