शिक्षकाची प्रार्थना

सरकारी शाळेंतील ख्रिस्ती शिक्षकानें आपली श्रद्धा जोड्यांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांतून सरकारनें रचलेली प्रार्थना म्हणविणें १९६२ सालीं घटनाबाह्य ठरविलें. परंतु २०२२ सालीं ब्रेमर्टन येथील शाळेचे फुटबॉल-प्रशिक्षक केनेडी यांचा सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करण्याचा हक्क मान्य केला. तथापि हक्क मिळाला म्हणजे विवेकाचा प्रश्न सुटला, असें नव्हे. शिक्षकाच्या हातीं गुण असतात, प्रशिक्षकाच्या हातीं संघांतील जागा. शेजारीं गुडघे टेकणारा मुलगा भक्तीनें टेकतो कीं भीतीनें, हें त्यास कसें कळावें? जेथें 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक नाहीं, तेथें 'होय'चें मोल तें काय?

प्रार्थना दार लावून एकांतांत करावी, असें खुद्द येशूनेंच शिकविलें आहे. मग श्रद्धा दिसावी कोठें? कच्च्या मुलाची वही तिसऱ्यांदा न चिडतां तपासण्यांत, परधर्मीय मुलास तोच न्याय देण्यांत, आणि आपली चूक वर्गासमोर कबूल करण्यांत. यांतील शेवटची उपासना सर्वांत कठीण. इतकीं वर्षें शिकवूनही ती आम्हांस पुरती साधलेली नाहीं.