पडद्यावरचा राजा आणि प्रेक्षकाचा निवाडा

राजघराण्यावरचा चित्रपट पाहून उठणारा प्रेक्षक सहसा रिकाम्या हाताने उठत नाही, निवाडा घेऊनच उठतो. राणी कठोर होती, युवराज दुबळा होता, सून बिचारी भाबडी होती, असे तो ठामपणे सांगू लागतो. शेजारच्या घरातले भांडण भिंतीपलीकडून ऐकू आले तरी आपण 'खरे-खोटे देव जाणे' म्हणून थांबतो. मग हजारो कोसांवरच्या राजवाड्यातले, तेही नटनट्यांनी वठवलेले भांडण पाहून आपली खात्री कशी पटते? ज्याचा उंबरठा आपण कधी ओलांडला नाही, त्याच्या शीलाचा न्याय नटाच्या चेहऱ्यावरून करणे नीतीला धरून आहे काय?

प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या जीवनावरची 'द क्राउन' ही चित्रमालिका २०१६ ते २०२३ या काळात सहा पर्वांत जगभर पाहिली गेली. तिच्यातली बहुतेक खासगी संभाषणे लेखकाने रचलेली आहेत. बंद दाराआडचे शब्द त्याने ऐकलेले नव्हते. तरीही चौथ्या पर्वानंतर अनेकांनी चार्ल्स यांना दोषी आणि डायनाला निर्दोष ठरवून टाकले. हे नाट्य कल्पित आहे अशी सूचना दाखवावी, ही मागणी २०२० मध्ये ब्रिटनच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी केली. २०२२ मध्ये ज्येष्ठ अभिनेत्री जूडी डेंच यांनीही वृत्तपत्राला पत्र लिहून ती केली. ज्यांच्याविषयी मते बनत होती त्यांपैकी बरीच माणसे हयात होती, ही गोष्ट प्रेक्षक विसरला होता.

या राणी एलिझाबेथ म्हणजे बादशहा पंचम जॉर्ज यांची नात. आणि पंचम जॉर्ज यांचे नाव निघाले की आम्हां बडोदेकरांना आठवते ती १२ डिसेंबर १९११ ची दिल्ली. त्या दरबारात संस्थानिकांनी एकेक करून पुढे यावे, बादशहांना तीनदा लवून मुजरा करावा आणि पाठ न दाखवता मागे सरावे, असा शिरस्ता ठरला होता. निजामांच्या पाठोपाठ आमचे महाराज सयाजीराव गायकवाड पुढे आले. पोशाख साधा, हातात काठी. त्यांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले. सारे काही क्षणांत संपले.

पण ते क्षण चलच्चित्राच्या फितीवर उतरले होते. काही आठवड्यांत लंडनच्या चित्रगृहांतून दरबाराची दृश्ये दाखवली जाऊ लागली आणि 'गायकवाडांनी बादशहांचा अपमान केला की नाही' यावर तिकीट काढून आलेले प्रेक्षक वाद घालू लागले. राजघराण्यातल्या माणसाचा चित्रपट पाहून सामान्य प्रेक्षकाने त्याच्या मनातला हेतू ओळखायचा, हा खेळ आजचा नव्हे. तो शंभरावर वर्षे जुना आहे आणि त्यातला एक पहिला आरोपी बडोद्याचा आहे.

निकाल काय लागले? इंग्रज प्रेक्षकाला उद्धटपणा दिसला. बडोदे सरकार राष्ट्रवाद्यांना आसरा देते हा संशय आधीच होता. अरविंद घोष १९०६ पर्यंत बडोद्याच्याच नोकरीत होते. संशय घेऊन बसलेल्याला पडद्यावर संशयाचा पुरावा दिसला. हिंदी देशभक्ताला त्याच पाठीत स्वाभिमान दिसला. फीत एकच, आणि तरीही दोघांनी पाहिलेला चित्रपट निराळा. दोन भाषांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. एकाच सभेचे वृत्त दोन भाषांच्या दोन वर्तमानपत्रांत कसे येते, हे तो रोज सकाळी चहाबरोबर वाचतो.

खुद्द महाराज काय म्हणाले? व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहून त्यांनी खुलासा केला. अनादराचा हेतू नव्हता, ऐन वेळी गोंधळ उडाला, असा त्याचा आशय. येथे आमची अडचण होते. बडोद्याच्या मराठी घरांतून ती फिरवलेली पाठ अभिमानाने सांगितली जाते. पत्राचा उल्लेख मात्र कोणी करत नाही. पत्र दडपणाखाली लिहिले असेल, असे म्हणता येईल. संस्थान जाण्याची टांगती तलवार होतीच. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले गेले होते, हे महाराज कसे विसरतील? पण 'असेल' म्हणजे 'आहे' नव्हे. इंग्रजाने महाराजांच्या मनात उद्धटपणा वाचला म्हणून आपण रागावतो. मग त्याच मनात बंड वाचण्याचा आपला अधिकार कोठून आला? आपल्या माणसावर केलेली खोटी स्तुतीही खोटीच असते. महाराजांचा स्वतःचा शब्द बाजूला सारून आपण त्यांचा गौरव करतो, तेव्हा त्यांना खोटे बोलणारा ठरवतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

मल्हाररावांचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी करायला सहा जणांचे कमिशन बसले, तीन इंग्रज व तीन हिंदी. इंग्रजांना दोष सिद्ध झालेला दिसला, हिंदी सभासदांना तो दिसला नाही. साक्षीदार तेच, कागद तेच! त्याच वर्षी बंगालीत अमृतलाल बसूंचे 'हीरकचूर्ण' हे नाटक या प्रकरणावर आले. कलकत्त्याच्या प्रेक्षकाला परकीय सत्तेने चिरडलेला राजा दिसावा, हे स्वाभाविकच होते. पण मल्हाररावांच्या कारभाराखाली पिचलेल्या बडोद्याच्या रयतेला त्या राजाची दुसरीही बाजू ठाऊक होती. दया खरी होती, पण ती पूर्ण सत्य नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हेडमास्तर, मग कलावंताने राजांवर लिहूच नये काय? आणि राजाला प्रजेने नावे ठेवू नयेत काय? दोन्ही अवश्य करावे. कलावंत बंद दाराआडचे शब्द कल्पितो, कारण सत्ता माणसाचे काय करते हे त्याला शोधायचे असते. त्याचे सत्य माणसाच्या जातीविषयीचे असते, अमुक एका व्यक्तीविषयीचे नव्हे. आणि राजाने प्रजेच्या पैशाने, प्रजेच्या नावाने जे केले त्याचा हिशेब प्रजेने मागितलाच पाहिजे. मला एवढेच म्हणायचे आहे की कृतीचा न्याय करावा, हेतूचा करू नये. आणि कृतीचा न्याय करायचा तर पुरावा पडद्याबाहेर शोधावा.

सयाजीरावांपुरता तो पुरावा मुबलक आहे. १९०६ मध्ये त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९११ मध्ये, म्हणजे दरबाराच्याच वर्षी, नामदार गोखल्यांनी इंग्रजी मुलखासाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१० पासून बडोद्यात गावोगाव ग्रंथालये उभी राहू लागली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. दुसऱ्या बाजूला, महाराजांचे लांबलचक परदेश दौरे आणि राजवाड्यांवरचा खर्च यांवर टीका झाली, तीही याच हिशेबात मांडावी. ही सारी कामे उघड्यावरची आहेत. ती तपासायला कोणाच्या अंतःकरणात शिरावे लागत नाही.

वर्गात दरबाराची गोष्ट निघाली की मुले हमखास विचारतात, 'सर, महाराजांनी मुद्दाम पाठ फिरवली का?' ती फीत आता मोबाईलवरही सापडते आणि मुले ती पुन्हापुन्हा लावून पाहतात. मी त्यांना सांगतो, शंभर वेळा पाहिलीत तरी तिच्यात पाठच दिसेल, मन दिसणार नाही. मग आजोबा-पणजोबांना विचारा, त्यांच्या गावात शाळा कधी निघाली.

कुटुंबातही हाच नियम लागू आहे, आणि तेथे तो अधिक अवघड आहे. लग्नाच्या मांडवात कोणी एकदाच नमस्कार केला, कोणी न बोलता निघून गेला, एवढ्यावर आपण वीस वर्षांचे अबोले धरतो. त्या क्षणांचीही एक फीत आपल्या मनात असते, आणि ती आपणच, आपल्याला हवी तशी, फिरवून पाहत असतो. पाठ फिरवलेली दिसली की 'का?' असे आधी त्या माणसाला विचारावे. तो उत्तर देईल त्यावर, उलट पुरावा हाती नसेल तोवर, विश्वास ठेवावा. राजा असो वा चुलत भाऊ, एवढे तरी आपण एकमेकांचे देणे लागतो.