शनिवारसाठी नोकरी

परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दक्षिण कोरियातले जास्त. सोमवार ते शुक्रवार दोन मिनिटांत उरकतात: शाळेतलं किमची-भाताचं जेवण, 'हॅलो टीचर' ओरडत पळणारी मुलं. मग शनिवार येतो आणि व्हिडिओला रंग चढतो. केटीएक्सनं अडीच-तीन तासांत बुसान. ग्योंगजूमध्ये सिल्ला राजांच्या समाध्यांचे हिरवे उंचवटे. नाहीतर सोलच्या उत्तरेचा बुखानसान, ८३६ मीटर, आणि उतरल्यावर वाडगाभर माकगॉली.

मला प्रश्न पडतो तो असा: नोकरी शनिवार-रविवारसाठीच केली, तर त्यात काही चूक आहे का?

चटकन उत्तर येतं, नाही. आम्ही आयटीवाले ऑनसाइटला गेल्यावर वेगळं काय करतो? प्रोजेक्ट समजून घेण्याआधी आम्ही युरोपचा नकाशा उघडतो. पण क्लायंटकडे करार असतो, काम रखडलं तर तो आमच्या मॅनेजरला झोपू देत नाही. तिसरीतल्या मुलीकडे यातलं काय असतं?

कोरियात १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवतात. परदेशी शिक्षक आणणारी 'एपिक' ही सरकारी योजना १९९५ची. वर्षाचा करार, आठवड्याला २२ तास शिकवणं, राहायला घर. पदवी कुठल्याही विषयातली चालते, पासपोर्ट मात्र साधारणपणे इंग्रजी मातृभाषेच्या सात देशांपैकी एकाचा लागतो. (२०१०च्या भारत-कोरिया करारानंतर काही अटींवर आपल्यालाही दार किलकिलं झालं. एम.ए., बी.एड. झालेल्यांनी यावर हसावं की रडावं ते ठरवावं.)

मुलांच्या बाजूला इंग्रजी म्हणजे काय, ते नोव्हेंबरात दिसतं. विद्यापीठ प्रवेशाच्या 'सुनुंग' परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू असताना देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. मुलं शाळेनंतर 'हागवॉन'मध्ये, म्हणजे खासगी क्लासला जातात. सोलमध्ये ते रात्री दहाला बंद व्हावेत म्हणून नियम करावा लागला. शिक्षक बुखानसानवर असतो, तेव्हा त्याच्या वर्गातली कितीतरी मुलं क्लासला बसलेली असतात.

आता साधा हिशोब. प्राथमिक शाळेतला तास ४० मिनिटांचा. शिक्षकासाठी तो आठवड्यातल्या २२ तासांपैकी एक. मुलीसाठी, बऱ्याच शाळांत, परदेशी शिक्षकाबरोबरचा आठवड्यातला तो एकुलता एक. शुक्रवारी स्टेशन गाठायचंय म्हणून त्यानं वर्गात कार्टून लावून दिलं, तर त्याचे ४० मिनिटं गेले, तिचा आठवडा गेला. एसटीच्या वेळेवर शाळा सोडणारे अपडाऊनवाले गुरुजी आपण पाहिलेत. त्यांच्यावर चिडायचं आणि यांचे फोटो लाइक करायचे, हे मला जमत नाही.

कान्टचं म्हणणं होतं की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातल्या 'केवळ' या शब्दाला फार किंमत आहे. वर्ग हे रेल्वेच्या तिकिटाचं साधन असायला माझी हरकत नाही. पगारासाठी काम करणं पाप असेल तर आपण सगळेच नरकात. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला तो वर्ग आणखी काही उरतो का, एवढंच बघायचं.

शिवाय भटकणं वाईटच असं कोण म्हणतं? डोंगरावर कोरियन मावशीबाईंनी काकडीचा तुकडा पुढे केल्यावर मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये धन्यवाद म्हणताना जीभ अडखळलेला शिक्षक सोमवारी वर्गात ते सांगतो, मुलं त्याचे उच्चार ऐकून खिदळतात, आणि चुकायची भीती जरा कमी होते. हागवॉनच्या फीमध्ये हे मिळत नाही.

एका गोष्टीचा दोष मात्र मी शिक्षकाला देणार नाही. नवं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, पण काहींचे करार ऑगस्टमध्ये संपतात. मुलं नुकती मोकळी बोलायला लागलेली असतात. सुट्टीनंतर वर्गात नवीन चेहरा उभा असतो, आणि तो पुन्हा पहिल्यापासून प्रत्येकाला नाव विचारतो.